आयईएलटीएससाठी इंग्रजी शब्द कसे शिकावेत

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म भरला की बरेच जण पहिल्यांदा 'बँड ९ चे शब्द' (बँड ९ म्हणजे सर्वोच्च गुण) अशी एखादी यादी शोधतात आणि 'प्लेथोरा', 'मिरियड' घोकायला बसतात. कृपा करून हे करू नका. रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंपत्तीला एक चतुर्थांश वजन असतं हे खरं. पण नुसता भारदस्त शब्द टाकून ते गुण मिळत नाहीत. तो शब्द नेमका हवा आणि वाक्यात बरोबर बसलेला हवा. पाठ केलेलं उत्तर तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं.

आधी शब्द निवडा

अ‍ॅकॅडेमिक परीक्षा (विद्यापीठ प्रवेशासाठीची) देणाऱ्यांसाठी 'अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' पुरेशी आहे. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासग्रंथांत सतत येणारी ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) तिच्यात १० गटांत लावली आहेत. सर्वाधिक वापरातले शब्द पहिल्या गटात आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करा. दिवसाला आठ-दहा शब्द खूप झाले. जनरल ट्रेनिंग या दुसऱ्या प्रकारची परीक्षा देणाऱ्यांना पत्र लिहायचं असतं. त्यांनी घरभाडं, नोकरी, तक्रार, विनंती यांचे शब्द आधी पक्के करावेत.

शब्द एकटा शिकू नका

आपली सगळ्यात जास्त गफलत इथे होते, कारण मराठीतलं क्रियापद आपण तसंच इंग्रजीत नेतो. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' म्हणतो. तिथे 'टेक' हवं. स्वप्न 'पाहतो' म्हणून 'सॉ अ ड्रीम' म्हणतो, पण हवं असतं 'हॅड अ ड्रीम'. एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' जोडतो. ते लागतच नाही. म्हणून वहीत 'एक्झाम' असा सुटा शब्द लिहू नका, 'टेक अ‍ॅन एक्झाम' असा आख्खा तुकडा लिहा.

काही ठिकाणी मात्र मराठीच मदतीला येते. रायटिंगच्या पहिल्या टास्कमध्ये आलेख आला की 'इन्क्रीज्ड बाय' आणि 'इन्क्रीज्ड टू' यांत गोंधळ होतो. 'बाय २० पर्सेंट' म्हणजे २० टक्क्यांनी वाढलं, 'टू २० पर्सेंट' म्हणजे वाढून २० टक्क्यांवर गेलं. 'नी' आणि 'वर' एवढं ध्यानात ठेवलं तरी आलेखाचा अर्थ उलटापालटा होणार नाही.

कार्ड असं करा

पुढच्या बाजूला गाळलेल्या जागेचं वाक्य: 'देअर वॉज अ ____ राइज इन रेंट्स.' त्याखाली मराठीत 'लक्षणीय'. मागच्या बाजूला 'सिग्निफिकंट', स्पेलिंगसह, आणि खाली त्याचं कुटुंब: सिग्निफिकंटली, सिग्निफिकन्स. वाक्य शक्यतो स्वतःच्या गावाबद्दल, कामाबद्दल करा. स्पीकिंगच्या पहिल्या भागात नेमकं तेच विचारतात. कार्ड उलटून बघायच्या आधी उत्तर तोंडाने म्हणा. नुसतं वाचून 'हो, येतं मला' असं वाटत राहतं आणि परीक्षेत शब्द आठवत नाही.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर आणा. हा हिशेब ठेवायला अँकी हे अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर ते फुकट आहे. कागदाची कार्डं आणि चार पाकिटं घेतली तरी काम भागतं.

कान आणि स्पेलिंग

लिसनिंगमध्ये उत्तर बरोबर ऐकलं आणि स्पेलिंग चुकलं, तर तो गुण जातो. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'एन्व्हायरन्मेंट' आणि 'गव्हर्नमेंट'मध्ये एमच्या आधी एन. असे शब्द हाताने लिहूनच बसतात. उच्चारासाठी ऑनलाइन शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबा आणि जोर कुठे पडतो ते ऐका. आपण 'डेव्हलप'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर देतो, तो 'व्हे'वर हवा. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हेही नीट वेगळे करा. व्हीला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो.

रोज वापरा

संध्याकाळी एक विषय घ्या, एक मिनिट मुद्दे काढा आणि दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करत बोला. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागाची रचना अशीच असते. आठवड्याच्या शब्दांतले तीन त्यात आलेच पाहिजेत. रेकॉर्डिंग ऐकताना 'गुड', 'थिंग', 'व्हेरी' किती वेळा आलं ते मोजा आणि त्यांच्या जागी काय चाललं असतं त्याचं नवं कार्ड करा. लिहिलेला निबंध शक्य असेल तर जाणकाराला दाखवा, कारण शब्दांच्या चुकीच्या जोड्या स्वतःच्या स्वतःला फारशा दिसत नाहीत.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात नवे शब्द घेऊ नका. जुनी कार्डं, त्यातही सारखी चुकणारी, तेवढीच फिरवत राहा.