जावानीज सिनेमा कसा बघावा

जावानीज म्हणजे इंडोनेशियातल्या जावा बेटावरची भाषा. तिच्यातले सिनेमे बघायचे तर पहिली गफलत शोधतानाच होते. 'जावानीज' टाकलं की जपानी सिनेमे येतात, नाहीतर कॉम्प्युटरवाला जावा. रोमन अक्षरांत 'फिल्म बहासा जावा' टाका. भाषेच्या रकान्यात नुसतं 'इंडोनेशियन' लिहिलेलं दिसलं तरी सोडून देऊ नका, आत बऱ्याचदा जावानीज निघते.

'ओपेरा जावा'पासून (2006) सुरुवात करा, असं सांगणारे हमखास भेटतात. ऐकू नका. गारिन नुग्रोहोंनी रामायणावर बेतलेला, गामेलान या तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाच्या साथीने गायलेला तो सिनेमा देखणा आहे, पण त्यातून रोजची बोली कानावर पडत नाही. आधी 'तिलिक' (2018) हा अर्ध्या तासाचा लघुपट लावा. गावच्या बायका ट्रकमध्ये मागे उभ्या राहून, इस्पितळात असलेल्या सरपंचबाईंना बघायला निघाल्यात आणि बू तेजो वाटभर गावातल्या एका मुलीबद्दल नाही नाही ते बोलतेय. ही बाई ओळखीची वाटायला सबटायटल लागत नाहीत.

खरी गोची पुढे आहे, तिथे मी वर्षभर अडकलो होतो. जावानीजमध्ये समोरचा माणूस बदलला की शब्दच बदलतात. बरोबरीच्याशी 'न्गोको', मानाच्या माणसाशी 'क्रामा'. आपण अरे-तुरे सोडून अहो-जाहोवर आलो तरी 'जेव'चं 'जेवा' होतं, धातू तोच राहतो. तिकडे खाणं न्गोकोत 'मांगान', आणि मानाचा माणूस खातो तेव्हा 'डाहार'. हा 'डाहार' स्वतःसाठी वापरायचा नाही, वापरला तर लोक हसतात. सबटायटलमध्ये दोन्हींना एकच 'खाणे'. मी सबटायटल वाचत बसलो आणि कोण कोणापुढे वाकतंय, कोण कोणाला जागा दाखवतंय, हे सगळं हातचं घालवलं.

व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसू नका, मी तेही करून पाहिलंय. दोनच जोड्या पकडा, प्रत्येकीत पहिला शब्द न्गोको, दुसरा क्रामा. 'मी' म्हणजे 'आकू' की 'कुलो'? 'नाही' म्हणजे 'ओरा' की 'म्बोतेन'? पहिली दहा मिनिटं दोनदा बघा, दुसऱ्यांदा सबटायटल बंद करून. वहीत पात्राचं नाव, पुढे कोणाशी काय म्हणालं ते. दोघांच्या बोलण्यात दोन्ही बाजूंनी न्गोको असेल तर सलगी. एक 'कुलो' म्हणतोय आणि दुसरा 'आकू', तर बहुतेक वेळा वय नाहीतर हुद्दा आडवा आलाय. जुन्या वळणाच्या घरात बायको नवऱ्याशी क्रामात बोलते, तो तिच्याशी न्गोकोत. आपल्याकडच्या 'अहो' आणि 'अगं'सारखंच.

हे जमलं की बोली. 'तुराह' (2016) जावातल्याच तेगाल शहराकडचा. इतरत्र शब्दाच्या शेवटचा 'आ' बहुधा 'ओ' होतो, तिथे 'आ'च राहतो. 'योविस बेन' (2018) पूर्व जावातल्या मलांग शहरातला, पोरांच्या बँडची धमाल. मलांगची पोरं शब्द उलटे करून बोलतात, मलांगचं 'न्गालाम' करतात. सगळं कळलं नाही तरी चालतं.

'सिती' (2014) मात्र शेवटी ठेवा. पारांगत्रितिसच्या किनाऱ्यावरची, बहुतेक जावानीजमधली, कृष्णधवल गोष्ट. अपघाताने अंथरुणाला खिळलेला मच्छीमार नवरा बायकोवर रुसून बोलणंच टाकून बसलाय. माझ्या वहीत त्याच्या नावापुढची ओळ बराच वेळ कोरी होती.