जुन्या गाडीला घरी रंग देताना: आधी जुना रंग ओळखा, मग नवा निवडा

शेड कार्ड उघडण्याआधी एक छोटी चाचणी करून घ्या. पांढरं सुती कापड एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये भिजवून गाडीच्या एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट घासा. कापडाला रंग लागून पत्र्यावरचा थर विरघळू लागला, तर वर एनसी किंवा ॲक्रिलिक लॅकर आहे. थर मऊ पडून सुरकुतला, तर सिंथेटिक इनॅमल असण्याची शक्यता जास्त. काहीच झालं नाही, तर कंपनीचा भट्टीत भाजलेला किंवा हार्डनर (रंग घट्ट करणारं रसायन) घातलेला रंग आहे. ही चाचणी प्रत्येक दरवाजा, मडगार्ड आणि बोनेटवर वेगवेगळी करा. जुन्या गाडीचा एखादा भाग मधल्या काळात कुणीतरी रंगवलेला असतोच.

याचं महत्त्व असं, की वरच्या रंगातलं थिनर खालच्या थरात मुरतं. सिंथेटिकवर एनसी मारलं, तर तीव्र थिनर खालचा थर फुगवतं आणि सगळं काम सुरकुततं. भाजलेल्या, घट्ट रंगावर मात्र नीट घासून जवळपास काहीही बसतं. जिथे चाचणीत रंग विरघळला किंवा सुरकुतला, तिथे तो पत्र्यापर्यंत काढून टाकणं सगळ्यात खात्रीचं. लॅकरच्या बाबतीत वर दोन घटकांच्या इपॉक्सी प्राइमरचा थर देऊन पुढे जाता येतं, पण आधी वीतभर जागेत करून बघा.

कोणता रंग घ्यावा

सिंथेटिक इनॅमल स्वस्त आणि स्वतःहून पसरून गुळगुळीत होणारं. पण ते सावकाश वाळतं, तेवढ्या वेळात धूळ आणि किडे चिकटतात, आणि उन्हात त्याची चमक लवकर जाते. अर्धवट वाळलेल्या सिंथेटिकवर दुसरा कोट दिला तर त्याला सुरकुत्या पडतात, म्हणून डब्यावर दिलेली पुढच्या कोटची वेळ पाळावीच लागते. एनसी, म्हणजे बोलीतलं ड्यूको, काही मिनिटांत वाळतं. चूक झाली तर घासून पुन्हा मारता येतं आणि शेवटी पॉलिशने चमक काढता येते. मात्र सहा-आठ पातळ कोट लागतात आणि पेट्रोल सांडलं की ते मऊ पडतं.

टिकाऊपणात दोन घटकांचं, म्हणजे रंगात हार्डनर मिसळून वापरायचं पीयू (पॉलियुरेथेन) या दोघांच्या पुढे आहे. ऊन, पेट्रोल, साबण यांना ते दाद देत नाही. पहिल्यांदाच गाडी रंगवणाऱ्याने क्लिअर (वरचा पारदर्शक थर) न लागणारं, एकाच थराचं साध्या रंगाचं पीयू घ्यावं. मेटॅलिकच्या वाटेला जाऊ नये. मेटॅलिकमधली चमकी फवारणीची बंदूक जवळ-लांब झाली तरी वेगळी बसते, ढगांसारखे पट्टे दिसतात आणि ते घासून दुरुस्त होत नाहीत.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्यामुळे कायमचा दमा जडू शकतो आणि नाकाला वासाने त्याची सूचना मिळत नाही. धुळीचा मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत योग्य. तो मिळत नसेल तर निदान सेंद्रिय वाफांसाठीची नवी काडतुसं लावलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे हवेत. एवढी तयारी शक्य नसेल तर एनसी घ्या. वाफांचा मास्क तिथेही लागतोच.

रंगाचा कोड बहुधा दरवाज्याच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लेला रंग कोडशी जुळत नाही, म्हणून काही भागच रंगवणार असाल तर पेट्रोल टाकीचं झाकण सोबत न्या आणि त्यावर जुळवून घ्या. गाडीचा रंगच बदलणार असाल तर बहुतेक ठिकाणी नोंदणीतही बदल करावा लागतो. छोट्या गाडीच्या बाहेरच्या भागाला फवारण्याजोगा पातळ केलेला रंग साधारण ३ लिटर आणि सरफेसर (रंगाखाली पृष्ठभाग सपाट करणारा थर) २ लिटरच्या आसपास लागतो. लाल आणि पिवळा खालचा थर लवकर झाकत नाहीत, ते जास्त घ्या. सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र ढवळा, नाहीतर डावा दरवाजा आणि उजवा दरवाजा वेगळे दिसतील.

पत्र्याची तयारी

आधी साबणाने धुणं, मग ग्रीस-वॅक्स काढणाऱ्या द्रावणाने पुसणं, आणि त्यानंतरच घासणं. क्रम उलटा केला तर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग मारताना तिथे गोल खळगे पडतात. पुसायला दोन कापडं ठेवा, एक ओलं आणि एक कोरडं. द्रावण वाळायच्या आत कोरड्याने टिपून घ्या.

गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. बोट लावल्यावर खचणारा पत्रा कापून नवा जोडायला लागतो, त्यावर पुट्टी भरून उपयोग नाही. गंजावर फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावलं असेल तर ते धुऊन पूर्ण सुकवा, कारण आम्ल उरलं तर इपॉक्सी प्राइमर नीट घट्ट होत नाही. खूप जुना रंग शिसेयुक्त असू शकतो, तो पाण्याने घासणं बरं.

पुट्टीत हार्डनर वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातलं तर काही दिवसांनी रंगावर पिवळसर डाग उमटतात. थर जास्तीत जास्त ३ मिलिमीटरचा. खोल खड्डा आधी आतून ठोकून वर आणा. पुट्टी नेहमी कोरडी घासा. पाण्याने घासायची सवय सर्रास दिसते, पण पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते आणि तेच पाणी नंतर रंगाखाली फोड होऊन वर येतं. ८०, मग १८०, मग ३२० असे पेपर वापरा, आणि पेपर हाताने न धरता लांब ब्लॉकला गुंडाळा. बोटांनी घासलं तर बोटांच्या रेघा पत्र्यावर उतरतात.

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी, त्यावर सरफेसरचे दोन-तीन कोट. सरफेसर वाळला की काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारा आणि ४०० ते ५०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. जिथे काळा ठिपका राहतो तिथे खड्डा, जिथे लगेच पत्रा उघडा पडतो तिथे उंचवटा. डोळ्यांना न दिसणारा दोष इथे पकडला नाही, तर चमकदार रंगात तो लांबूनही दिसतो. मेटॅलिक मारायचंच असेल तर शेवटचा पेपर ८०० चा घ्या.

फवारणी

काचा, रबर आणि चाकं झाकून घ्या; घरातल्या रद्दीऐवजी मास्किंगचा कागद वापरा, रद्दीतून थिनर आरपार जातं. जागा हवेशीर हवी, आणि आसपास गिझरची ज्योत किंवा ठिणगी नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. तापमान २० ते ३० अंश असावं. दमट हवेत एनसी मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमतं आणि रंग पांढुरका पडतो. पावसाळी दिवशी काम पुढे ढकला.

सरफेसरसाठी १.६ ते १.८ मिलिमीटरचं नोझल, रंगासाठी १.३ किंवा १.४. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब वापरणाऱ्या) बंदुकीला ट्रिगर दाबलेला असताना मुठीपाशी साधारण २ बार दाब. टायरमध्ये हवा भरणारा छोटा कॉम्प्रेसर इथे दम तोडतो आणि अर्ध्या बोनेटवर रंगाचे थेंब पडू लागतात. नळीवर पाणी अडवणारा फिल्टर लावा. पीयूचं प्रमाण डब्यावर लिहिल्याप्रमाणे मापट्याने मोजा आणि फिल्टर कागदातून गाळून भरा. उन्हाळ्यात मिसळलेलं पीयू लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं मिसळा आणि संथ हार्डनर मागा.

बंदूक पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, पत्र्याला काटकोनात. मनगट वळवून कमान काढू नका, हात पूर्ण सरकवा. ट्रिगर कडेच्या आधी दाबा आणि कड ओलांडल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर अर्धा चढला पाहिजे. आधी छत, मग एक बाजू, डिकी, दुसरी बाजू आणि शेवटी बोनेट. पहिला कोट विरळ, पुढचे दोन ओले, प्रत्येक कोटमध्ये १० ते १५ मिनिटं थांबा. घाई केली तर आतलं थिनर अडकतं आणि नंतर बारीक भोकं पाडून बाहेर पडतं.

ओघळ आला तर ओल्या रंगाला बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर कडक ब्लॉकवर १००० चा पेपर घेऊन फक्त ओघळ सपाट करा, मग १५००, २००० आणि शेवटी घासून चमक आणणारं कंपाउंड. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला असेल तर बंदूक लांब होती, दाब कमी होता किंवा थिनर लवकर उडणारं होतं. तोही याच पेपरांनी निघतो, पण कडांवर जपून, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

टेप शेवटच्या कोटनंतर रंग हाताला लागेनासा झाला की उलटा दुमडत काढा. पूर्ण कडक झाल्यावर काढला तर रंगाची कड तुटते. गाडी रात्रभर हलवू नका, आठवडाभर धुऊ नका, आणि वॅक्स महिन्याभरानंतरच लावा. तोपर्यंत आतलं थिनर बाहेर पडत असतं.