परदेशातल्या चॅरिटीला पैसे देताय? मग एक्सपर्टला नक्की काय विचारायचं ते बघा

मंडळात नाहीतर ऑफिसात पैसे जमतात, आफ्रिकेत मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेला द्यावे का असा विषय निघतो आणि लगेच कुणीतरी म्हणतं, अरे माझा चुलतभाऊ यूएनमध्ये आहे, त्याला विचारू. विचारा की, जरूर विचारा. फक्त "ही संस्था चांगली आहे का हो?" असं विचारू नका, कारण याचं उत्तर दहातले नऊ जण "हो, चांगलं काम आहे त्यांचं" असंच देतात आणि फोन ठेवल्यावर तुम्ही होता तिथेच.

आधी घरचा अभ्यास. ब्रिटनमधली संस्था असेल तर चॅरिटी कमिशनच्या (संस्थांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) साइटवर हिशेब फुकट बघायला मिळतात, अमेरिकेतली असेल तर फॉर्म ९९० (संस्था दरवर्षी टॅक्सखात्याला देते तो हिशेब) बघा, आणि गिव्हवेलने (कुठल्या चॅरिटीचा किती उपयोग होतो ते तपासणारी अमेरिकन संस्था) त्या कामावर काही लिहिलंय का तेही वाचून घ्या. तिथे मिळणारं काहीही एक्सपर्टला विचारायचं नाही, समोरचा माणूस अर्धा तास देणार असतो तो त्यात घालवू नका.

आता कुणाला विचारायचं. इथेच सगळी गडबड होते, कारण आपण एकाच माणसाला सगळं विचारतो. मच्छरदाण्यांचंच घ्या. कीटकशास्त्रज्ञाला विचारायचं की त्या भागातले डास पायरेथ्रॉइडने (मच्छरदाणीला लावतात ते नेहमीचं कीटकनाशक) अजून मरतात का, कारण आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी ते त्याला दाद देत नाहीत, म्हणून तर पीबीओवाल्या (हे त्या औषधाचा जोर वाढवतं) आणि आता क्लोरफेनापिरवाल्या (हे वेगळं कीटकनाशक) जाळ्या म्हणजे मच्छरदाण्या आल्या (टांझानियातली ट्रायल २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यात क्लोरफेनापिरवाली जाळी साध्या जाळीपेक्षा बरीच सरस ठरली). पण जाळ्या घरोघरी पोचल्या का, सहा महिन्यांनी टांगलेल्या आहेत का गोठ्यात पडल्यात, हे त्या शास्त्रज्ञाला कसं माहीत असणार? ते वाटप केलेल्या माणसाला विचारा, घरांची यादी कुणी केली, गोदामातून निघालेला माल आणि वाटलेला माल कुणी ताडून बघितला, असं. आणि तिसरा प्रश्न आरोग्यखात्यातल्या किंवा अर्थशास्त्रातल्या माणसाला: या संस्थेने दिल्या नसत्या तर सरकारने किंवा ग्लोबल फंडाने (मलेरिया, टीबी, एड्ससाठी देशांना पैसे देणारा आंतरराष्ट्रीय निधी) दिल्या असत्या का? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात महागाचा हाच.

ईमेल छोटा लिहा. साधारण असा:

"नमस्कार मॅडम, आम्ही काहीजण मिळून अमुक संस्थेला देणगी द्यायचा विचार करतोय. त्यांचा गेल्या वर्षीचा रिपोर्ट वाचला. त्यात ८० टक्के घरांत जाळी वापरात आहे असं लिहिलंय. ही पाहणी संस्थेच्याच लोकांनी केली असेल तर तुम्ही या आकड्यावर किती विश्वास ठेवाल? वीस मिनिटं फोनवर बोलता आलं तर बरं होईल. तुमचं नाव कुठेही येणार नाही."

एक आकडा, एक प्रश्न, बस. अशा ईमेलला उत्तर यायची शक्यता "कृपया मार्गदर्शन करावे" पेक्षा खूप जास्त.

बोलताना एक्सपर्टने आकडा फेकला की तो कुठून आला ते विचारायला लाजू नका. जंताच्या गोळ्यांचा किस्सा यासाठी माहीत हवा. २००६ मध्ये जागतिक बँक वगैरेंनी मिळून काढलेल्या मोठ्या अहवालात होतं की जंतनाशक गोळ्यांनी निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला फक्त ३.४१ डॉलर लागतात, आणि तो आकडा सगळीकडे फिरला. २०११ मध्ये गिव्हवेलवाल्यांनी ज्यांनी हिशेब केला त्यांच्याशीच पत्रव्यवहार करून मूळ शीट तपासली तर त्यात पाच चुका, आणि दुरुस्त आकडा निघाला ३२६ डॉलरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ शंभरपट फरक! कुणी लबाडी केली नव्हती, शीट उघडून कुणी बघितलीच नव्हती एवढंच.

त्याच गोळ्यांवरून तज्ज्ञांची आपसातही जुंपली. मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांचा केनियातल्या बुसिया भागातला २००४ चा पेपर म्हणतो शाळेतली हजेरी वाढली, तर कॉक्रेनचे (सगळे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) रिव्ह्यू म्हणतात सरसकट गोळ्या देऊन विशेष फायदा दिसत नाही, आणि २०१५ मध्ये मूळ डेटा परत तपासल्यावर तर जाहीर भांडणच झालं. आपल्याकडे १० फेब्रुवारीला अंगणवाडीत पोरांना देतात ना, तीच अल्बेंडाझोलची गोळी. त्यामुळे फोन ठेवायच्या आधी हमखास विचारायचं: "तुमच्याशी कोण सहमत नाही, आणि त्यांचं म्हणणं काय?" मग त्या दुसऱ्या माणसालाही ईमेल टाका. ज्याला विरोधकाचं म्हणणं धड सांगता येत नाही त्याचं मत मी तरी जरा कमीच धरते.

आणखी एक, हे जग लहान आहे. आज ज्या संस्थेबद्दल विचारताय तिच्याकडून उद्या या एक्सपर्टलाच ग्रँट किंवा कन्सल्टिंगचं काम मिळू शकतं, त्यामुळे वाईट कुणी बोलत नाही. सरळ विचारा की या संस्थेशी तुमचा काही संबंध आहे का, आणि मग आडून विचारा, "तुमच्या स्वतःच्या खिशातले पन्नास हजार असते तर यांनाच दिले असते का?" इथे समोरचा जरा थांबला, "तसं बघायला गेलं तर..." सुरू झालं, की काय समजायचं ते समजा. नंतर नोट्स लिहून त्यांनाच परत पाठवा, चुकीचं काही असेल तर ते सुधारतात आणि बऱ्याचदा बोलताना राहिलेलं एखादं वाक्य त्यात घालतात.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते पण एक्सपर्टच हं. प्लेपंप आठवतोय का, पोरं चक्रावर खेळतील आणि पाणी आपोआप वर चढेल? २००६ मध्ये अमेरिकेत १.६४ कोटी डॉलरची घोषणा झाली, आणि गावात गेल्यावर दिसलं की पोरं नसली की बायकांनाच ते चक्र ढकलत बसावं लागतंय, त्यापेक्षा साधा हातपंप बरा होता. पाणी भरणाऱ्या बाईला आधी विचारलं असतं तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं.

टॅक्सचं मात्र या लोकांना विचारू नका, त्यासाठी सीए आहे. भारतातून थेट परदेशी संस्थेला दिलं तर ८०जीची सूट मिळत नाही, आणि ब्रिटनमध्ये टॅक्स भरत असाल तर गिफ्ट एडच्या चौकोनात टिक करायला विसरू नका, तुम्ही भरलेल्या टॅक्समधून सरकार भर घालतं आणि संस्थेला एका पौंडाचे सव्वा पौंड मिळतात.