ग्रुपमध्ये जाहिरात मोहीम करताय? या चुका टाळा

ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजात जाहिरात मोहिमेचा ग्रुप प्रोजेक्ट जाहीर झाला की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो आणि रात्रीपर्यंत कामं वाटूनही होतात. पोस्टर एकाकडे, रेडिओ स्पॉट दुसरीकडे, इन्स्टाग्राम तिसऱ्याकडे आणि पीपीटी ज्याचा लॅपटॉप चांगला त्याच्याकडे. मोहीम फसायला इथूनच सुरुवात होते. काय सांगायचं हे ठरण्याआधी कामं वाटली, तर शेवटी हातात पाच-सहा सुट्या जाहिराती येतात. पोस्टर म्हणतं स्वस्त, रेडिओ म्हणतो पौष्टिक, रील म्हणतं आजीच्या हातची चव. मुलांची मेहनत खरी असते, रात्री जागवलेल्या असतात, म्हणून हे बघताना फार वाईट वाटतं. पुढच्या बहुतेक चुका या एका घाईतून येतात.

मित्रांकडूनच फॉर्म भरून घेणं

समजा, तुम्ही नौपाड्यातलं एखादं पोळीभाजी केंद्र क्लायंट म्हणून घेतलंत. माझ्या मते असा जवळचा, छोटा क्लायंट मोठ्या ब्रँडपेक्षा कितीतरी चांगला, कारण मालकाशी बोलता येतं आणि गिऱ्हाईकही समोर दिसतं. पण होतं काय, की गूगल फॉर्म वर्गाच्याच ग्रुपवर फिरतो. उत्तरं देणारे सगळे विशीतले. त्यांच्या घरी पोळ्या कोण करतं आणि विकतच्या कधी येतात, हे त्यांना धड सांगता येत नाही. मग पीपीटीत रंगीत पाय चार्ट येतो, पण त्यातून हाती काहीच लागत नाही.

त्यापेक्षा केंद्र चालवणाऱ्या काकूंची परवानगी घेऊन संध्याकाळी साडेसात ते नऊ केंद्राबाहेर उभे राहा. स्टेशनवरून गोखले रोडने चालत येणारी नोकरदार माणसं याच वेळी थांबतात. कोण काय मागतं ते वहीत शब्दशः लिहून घ्या. "सहा पोळ्या द्या, तेल कमी लावलेल्या." "भाजी नको, फक्त पोळ्या." हे दुसरं वाक्य वारंवार कानावर पडलं, तर तिथे थांबा आणि विचारा. भाजी घरी करायला जमते, पण दिवसभराच्या दगदगीनंतर कणीक मळून पोळ्या लाटायचं जिवावर येतं, असं कोणी सांगितलं तर तुमचं इनसाइट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातली खरी गोष्ट, तिथेच आहे. "भाजी तुमची, पोळ्या आमच्या" अशी ओळ या बोलण्यातूनच निघते. खोलीत बसून 'चव आणि विश्वासाचं नातं' एवढंच सुचतं, आणि ते कुठल्याही मसाल्याला किंवा लोणच्याला लावता येतं.

आता ब्रीफ लिहा, तेही सगळ्यांनी एकत्र बसून: कोणाशी बोलतोय, त्याची अडचण काय, आपण एकच गोष्ट कोणती सांगणार, ती त्याने खरी का मानावी. अर्धं पान पुरे. कामांची वाटणी त्यानंतर.

सगळ्यांचं थोडं थोडं घेणं

कोणाचं मन मोडायला नको म्हणून एकाची टॅगलाइन, दुसरीचं कार्टून आणि तिसऱ्याचा हॅशटॅग एकाच पोस्टरवर येतो. मतदान घेऊनही हे सुटत नाही, कारण ज्याचे मित्र जास्त त्याची आयडिया निवडून येते. प्रत्येक आयडिया ब्रीफच्या शेजारी ठेवा आणि विचारा, ही आपली एक गोष्ट सांगते का? सांगत नसेल तर ती बाजूला, मग ती कितीही देखणी असो. नकार ब्रीफकडून आला की माणसाला लागत नाही.

मीडिया प्लॅनमध्ये सगळंच घालणं

मीडिया प्लॅन म्हणजे जाहिरात कुठे आणि किती खर्चात द्यायची याचा आराखडा, आणि त्यात ग्रुप घालतात तीन हात नाक्यावर होर्डिंग, एफएम रेडिओ, पेपरचं पहिलं पान आणि वर इन्फ्लुएन्सर. एफएम ऐकणारा बोरिवलीचा माणूस नौपाड्यात पोळ्या घ्यायला येणार नाही, मग त्याच्यासाठी पैसे का मोजायचे? या क्लायंटला सकाळच्या पेपरमधून जाणारं पत्रक, आसपासच्या सोसायट्यांचे नोटीस बोर्ड, लिफ्टमधली पाटी आणि ऑर्डर घेणारा व्हॉट्सअ‍ॅप नंबर जास्त उपयोगी. दर अंदाजाने लिहू नका. पत्रकं टाकण्याचे किती घेतात ते पेपरवाल्याला विचारा, छपाईचा भाव प्रेसमध्ये विचारा. पेपरमधली डिस्प्ले जाहिरात चौरस सेंटिमीटरवर विकली जाते: ८ बाय १० सेंटिमीटरची जागा म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर, गुणिले दर. रेडिओचा दर साधारणपणे १० सेकंदांवर असतो. एवढं गणित मांडलंत तरी परीक्षकाच्या निम्म्या प्रश्नांना उत्तर मिळतं.

आणि उत्साहाच्या भरात भिंतींवर, विजेच्या खांबांवर पोस्टर चिकटवत सुटू नका. महाराष्ट्रात मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा कायदा आहे. रेल्वेच्या हद्दीत काही करायचं तर त्यांची परवानगी लागते.

दावे ठोकून देणं

'ठाण्यातलं नंबर वन', '१०० टक्के शुद्ध'. पुरावा काय? जाहिरात क्षेत्रात स्वनियमन करणारी आस्की ही संस्था १९८५ पासून आहे आणि तिच्या संहितेप्रमाणे दावा सिद्ध करता आला पाहिजे. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे वेगळे नियम आहेत. ताजं, शुद्ध, अस्सल असे शब्द कधी वापरायचे त्यावर त्यात अटी आहेत. पैसे देऊन इन्फ्लुएन्सर घेतलात तर पोस्टवर ती जाहिरात असल्याचं लिहावं लागतं. हे एका स्लाइडवर मांडणारे ग्रुप फार थोडे, म्हणून ते लगेच उठून दिसतं.

मराठी कॉपी शेवटच्या रात्री

ही चूक मला सर्वांत जास्त खुपते. डिझाइन पूर्ण झाल्यावर, 'ज्याचं मराठी चांगलं' त्याच्याकडून उरलेल्या जागेत ओळ बसवून घेतात. कॉपी (जाहिरातीतला मजकूर) आधी, डिझाइन नंतर. लिहिलेली ओळ मोठ्याने म्हणा, केंद्रावरच्या गिऱ्हाइकाला ऐकवा. त्याने "म्हणजे काय?" विचारलं तर ती बदला.

मग येतो फॉन्टचा घोळ. फोटोशॉपमध्ये मराठी मजकूर टाकला आणि 'पि' मधली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षरं फुटून पायमोडके हलन्त दिसू लागले, तर दोष फॉन्टचा असेलच असं नाही. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पर्यायांत जाऊन 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा, त्याहून जुन्या आवृत्तीत त्याला 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' म्हणतात. इलस्ट्रेटरमध्ये 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करा. प्रेसला फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार बनवून द्या, नाहीतर त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला की भलतीच अक्षरं छापून येतील. आउटलाइन केल्यावर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवले की त्यांचा दर्जा उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा सामायिक ड्राइव्हवर ठेवा. छापायचं काम प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) आणि सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) रंगांत हवं, कारण स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद पडतो.

पाठ केलेलं प्रेझेंटेशन

प्रत्येक जण आपली दोन मिनिटं घोकून येतो. "रेडिओ का नाही घेतलात?" असं परीक्षकांनी पोस्टरवालीला विचारलं की ती मीडिया प्लॅनवाल्याकडे बघते. सरावाच्या दिवशी भाग अदलाबदल करून मांडा: कॉपीवाल्याने बजेट समजावायचं, बजेटवालीने टॅगलाइन कशी सुचली ते सांगायचं. एखादा मेंबर कामच करत नसेल तर तेही या सरावात उघड होतं. सराव निदान आठवडाभर आधी ठेवा. बदलापूर, कळवा, ऐरोलीहून येणाऱ्या सगळ्यांना एकत्र गाठायचं तर शेवटच्या लेक्चरनंतरचा तासच धरावा लागतो.