गारठ्याने काळवंडलेली घरातली झाडं: पाणी आणि कात्री, दोन्ही जरा बाजूला ठेवा

आभाळ निरभ्र असलं की डिसेंबर-जानेवारीत पुण्यात दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे पारा दहाच्या खाली उतरलेला असतो. पाषाण, एनडीएकडे (खडकवासल्याच्या लष्करी प्रबोधिनीकडे) गारठा शिवाजीनगरपेक्षा जास्तच. पुण्याचा नोंदलेला नीचांक १.७ अंश, १७ जानेवारी १९३५ चा. म्हणजे इथे कुंडीतलं पाणी गोठत नाही, तरी अग्लोनिमा, डिफेनबाकिया, अँथुरियम, क्रोटन काळे पडतात. ही उष्ण-दमट मुलखातली झाडं. दहा-बारा अंशांखाली काही रात्री काढल्या तरी त्यांच्या पेशींची आवरणं बिघडतात आणि आतलं पाणी झिरपू लागतं. त्यात नर्सरीतला बराच माल आंध्रातल्या उबदार कडियमचा नाहीतर पॉलिहाऊसमधला, म्हणजे प्लॅस्टिकच्या छताखाली उबेत वाढलेला असतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून हौसेने आणलेली कुंडी त्याच रात्री गॅलरीच्या ग्रिलवर गेली, तर तिचं काय होणार?

नुकसान लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी पानावर तेल सांडल्यासारखे पाणचट डाग येतात, मग ते तपकिरी-काळे होतात. खिडकीच्या काचेला टेकलेलं पान नेमकं टेकलेल्या भागातच काळवंडलं असेल, तर दोष थंडीचाच. बुरशीनाशक शोधत बसू नका.

माझ्या मते निम्मी झाडं थंडीने नव्हे, नंतरच्या काळजीने मरतात. पान मलूल दिसलं की माणूस झारी उचलतो. पण गार मातीत मुळं पाणी फारसं ओढत नाहीत, कुंडीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलंच राहतं आणि मुळं सडतात. बोट दोन पेरं मातीत घाला; आत ओल लागली तर पाणी नाही. द्यायचंच तर सकाळी दहानंतर, बादलीत काढून ठेवलेलं, हाताला गार न लागणारं. ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.

कुंडी घरात, उजेडाच्या पण थेट ऊन न येणाऱ्या जागी हलवा. ऊब मिळावी म्हणून दुपारच्या उन्हात किंवा हीटरसमोर ठेवू नका, दुखावलेली पानं तिथे करपतात. लिबलिबीत झालेली पानं काढा, ती सडतात. अर्धवट हिरवी मात्र राहू द्या. झाडाचं पोट सध्या त्यांच्यावरच आहे.

आता खोड बघा. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं निघालं तर थोडं खाली पुन्हा खरवडा. डिफेनबाकियाचं खोड दाबल्यावर मऊ लागलं तर घट्ट भाग लागेपर्यंत कापा. हातमोजे घाला, त्याच्या चिकाने खाज आणि आग होते. कापलेल्या जागी तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरभर पाण्यात मिसळून लावलं तरी पुरे. बुडापासून कुबट वास येत असेल तर मात्र थांबू नका: झाड उपसा, काळी मुळं छाटा आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत लहान कुंडीत लावा. एरवी कुंडी बदलण्याची घाई नको.

कॅलेडियमची पानं थंडीत पार गळतात. ते मेलेलं नसतं. कंद कोरड्या मातीत राहू द्या, ऊन तापलं की फुटतो.

खत? फुटव्याचा डोळा दिसेपर्यंत अजिबात नाही, गांडूळ खतसुद्धा नाही. पुण्यात साधारण फेब्रुवारीअखेर नवी पालवी सुरू होते. वाळलेले शेंडे तेव्हा छाटा, खतही तेव्हाच, नेहमीच्या निम्म्याने.

उरलेल्या गार रात्रींसाठी कुंड्या फरशीवरून उचलून स्टुलावर किंवा थर्माकोलवर ठेवा आणि काचेपासून वीतभर आत ओढा. गॅलरीतून हलवता न येणाऱ्या झाडांवर संध्याकाळी जुनी चादर टाका. प्लॅस्टिक नको, त्याला चिकटलेली पानं उलट जास्त गारठतात. सकाळी ऊन चढलं की चादर काढायची.