हस्ताचा पाऊस, विहिरीची पातळी आणि गोठ्याची वही

माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पर्जन्यछायेच्या तालुक्यांत पावसाचा मोठा वाटा सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या आरंभी, म्हणजे उत्तरा-हस्त नक्षत्रांत पडतो. त्यामुळे दहाबारा जनावरांच्या गोठ्याचे पुढील जूनपर्यंतचे पाण्याचे गणित मांडण्याची वेळ हीच आहे.

महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) ठिकाणी नोंदलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल, असे धरून चालू नये. एका ओढ्याच्या अलीकडे भिजते आणि पलीकडे फुफाटा राहतो, हे आपण दरवर्षी पाहतो. पर्जन्यमापक नसल्यास सपाट तळाचा, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचा डबा झाड व भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर घट्ट बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता साचलेले पाणी मिलिमीटरच्या पट्टीने मोजून डबा रिकामा करावा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. या हिशेबाने 1,000 चौरस फूट पत्र्याच्या गोठ्यावर 20 मिलिमीटरची सर आली, तर गळती वजा जाता सुमारे 1,500 लिटर पाणी पन्हळीतून टाकीत घेता येते. पहिल्या सरीचे पाणी मात्र सोडून द्यावे, कारण त्यात पत्र्यावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा असते.

विहिरीची पातळी आठवड्यातून एकदा, मोटर सुरू करण्यापूर्वी, काठावरील एकाच खुणेपासून दोरीने मोजावी. 20 फूट व्यासाच्या गोल विहिरीत 1 फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. मोटर किती पाणी फेकते, हे 200 लिटरचे पिंप भरायला लागणाऱ्या सेकंदांवरून कळते. त्यानंतर वहीत केवळ मोटर चालल्याची मिनिटे लिहिली तरी पुरते.

दुभत्या संकरित गायीला पिण्यासाठी रोज 60 ते 80 लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी लागते. भाकड जनावरे व वासरे धरून दहा जनावरांचे पिणे रोज सरासरी 700 लिटर मानू. आता चाऱ्याकडे पाहावे. एक एकर हत्तीघासाला 5 सेंटिमीटर खोलीची एक पाळी दिली, की 2 लाख लिटर पाणी जाते. तेवढ्यात हीच दहा जनावरे नऊ महिन्यांहून अधिक काळ पाणी पितील. गव्हाणीशेजारच्या हौदाचा नळ टपकत असेल तर तो जरूर दुरुस्त करावा, पण गोठ्याचे पाणी खरे संपते ते घासाच्या वाफ्यात, आणि वही नसलेल्याला ते मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसू लागल्यावर उमगते.

म्हणून हस्त संपताच विहिरीतील पाणी व रोजचा झरा यांची बेरीज करून प्रथम जनावरांच्या पिण्याचा व धुण्याचा वाटा बाजूला काढावा आणि उरलेल्या पाण्यात किती गुंठे घास जगेल ते ठरवावे. पाणी कमी असल्यास घासाचे क्षेत्र आताच घटवून ओलीवर रब्बी ज्वारी घ्यावी, म्हणजे धान्याबरोबर कडबाही हाती येतो. मका उभा असेल तर दाणा चिकात असताना कापून त्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा, करावा. एवढे करूनही मेळ बसत नसेल, तर भाकड जनावरांपैकी कोणती ठेवायची याचा निर्णय दिवाळीपूर्वी घ्यावा. 2018-19 च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या, आणि अशा वर्षी उन्हाळ्यात बाजारात जनावरे विकणारेच अधिक असतात.