स्वनिधी कर्जासाठी नगरपालिकेचे शिफारसपत्र कसे मिळवावे

पथविक्रेत्यांसाठीच्या स्वनिधी कर्जाचा अर्ज मोबाइलवर पंधरा मिनिटांत भरून होतो, असे जो तो सांगतो. भरून होतो, हे खरे. पण ज्याच्याकडे पालिकेचे ओळखपत्र नाही त्याचे घोडे अडते ते शिफारसपत्रापाशी, म्हणजे हा माणूस पथविक्रेता आहे असे पालिकेने लिहून दिलेल्या पत्रापाशी, आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही. जुलै २०२० पासून मी भाजीवाले, चहावाले, इस्त्रीवाले, चपला शिवणारे यांचे अर्ज भरून देते आहे. परत आलेल्या अर्जांपैकी बहुतेक याच एका कागदावरून परत आले.

टाळेबंदीत गाड्या उभ्या राहिल्या, घरात ठेवलेले भांडवल खाऊन संपले आणि पुन्हा माल उचलायला रोकड उरली नाही. त्यासाठी केंद्राने १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी सुरू केली. तारण लागत नाही. पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते, ते फेडले की २०,००० आणि मग ५०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये योजना वाढवताना पहिले दोन टप्पे १५,००० आणि २५,००० झाले, तिसरा तसाच राहिला. कर्जे ३१ मार्च २०३० पर्यंत दिली जाणार आहेत. पैसे बँक देते, पण तुम्ही पथविक्रेते आहात हे बँकेला सांगण्याचा अधिकार तुमच्या पालिकेचा.

सर्वांत आधी पालिकेने केलेल्या फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाच्या यादीत नाव शोधा. पालिकेने दिलेले विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र हातात असेल तर शिफारसपत्राची गरज नाही, थेट अर्ज करा. यादीत नाव आहे पण कार्ड मिळाले नाही, तर योजनेच्या पोर्टलवरून तात्पुरते प्रमाणपत्र निघते. सर्वेक्षणाच्या दिवशी गावाला गेला होता, आजारी होता किंवा धंदाच नंतर सुरू केला, म्हणून नाव राहिले असेल तर शिफारसपत्र लागते. आसपासच्या खेड्यातून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही ते मिळते. "तुम्ही ग्रामपंचायतीचे, तिकडे जा" असे कोणी सांगितले तर तिथून उठू नका. धंदा ज्या पालिकेच्या हद्दीत, पत्रही त्याच पालिकेचे.

आधारला चालू मोबाइल नंबर जोडून घ्या. त्याशिवाय ओटीपी येत नाही.

आता शिफारसपत्र. पहिला चुकीचा सल्ला असा मिळतो की पुरावा नसेल तर अर्जच करू नका. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे की काहीच कागद नसेल तर साध्या पांढऱ्या कागदावर अर्ज करता येतो आणि पालिकेने स्थानिक चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. माझ्या ओळखीच्या एका मावशींना खिडकीवरून दोनदा परत पाठवले होते, कारण त्यांच्याकडे "काहीच नव्हते". साधा अर्ज चालतो हे मलाच तेव्हा माहीत नव्हते. त्यात त्यांच्या तीन सकाळी गेल्या, आणि तीन सकाळी म्हणजे तीन दिवसांची विक्री.

तरीही हाताशी असेल ते जोडाच. बाजार फीच्या पावत्या सर्वांत उपयोगी, पण त्यांची शाई उडते, म्हणून आजच कोऱ्या कागदावर चिकटवून झेरॉक्स काढा. फेरीवाला संघटनेचे सभासदत्व किंवा धंद्यासाठी घेतलेल्या जुन्या कर्जाचे कागद चालतात. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांना १,५०० रुपयांची मदत जाहीर केली होती. ती खात्यात आली असेल तर पासबुकाचे ते पान लावा. आणि अतिक्रमण विभागाने केलेल्या दंडाची पावती लपवू नका. लोक ती लाजेने फाडून टाकतात, पण तुम्ही अमुक तारखेला अमुक जागी धंदा करत होता हे ती पालिकेच्याच शिक्क्यासह सांगते. मी ती प्रत्येक वेळी जोडते.

अर्जात नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर तर लिहाच, पण खरे महत्त्व तीन गोष्टींना आहे: काय विकता, नेमके कुठे विकता आणि किती वाजता. "स्टेशनजवळ" लिहून भागत नाही. कोणत्या दुकानासमोर, कोणत्या झाडाखाली, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, असे लिहा. वेळ मी सुरुवातीला लिहीत नसे आणि त्याची किंमत एका भाजीवाल्याने मोजली. तो पहाटे सहा ते दहा बसायचा. पाहणीला माणूस आला दुपारी दोनला. फूटपाथ रिकामा होता, म्हणून अहवालात "जागेवर आढळून आले नाहीत" असा शेरा पडला आणि अर्ज नामंजूर झाला. माणूस खोटा नव्हता, अहवालही खोटा नव्हता, वेळ तेवढी चुकली. तेव्हापासून मी वेळ ठळक अक्षरांत लिहिते आणि त्याखाली "पाहणीपूर्वी फोन करावा" ही ओळ घालते. शेजारच्या दोन दुकानदारांनाही सांगून ठेवा, चौकशीत त्यांना विचारले जाते.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि आवक विभागातच, म्हणजे आलेले कागद नोंदवून घेतात त्या खिडकीवरच द्या. साहेबांच्या टेबलावर ठेवू नका, ओळखीच्या शिपायाच्या हाती देऊ नका, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून समाधान मानू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मी एकदा सात अर्ज "ठेवा इथे, बघतो" या शब्दावर ठेवून आले. तीन आठवड्यांनी उत्तर मिळाले, असे अर्ज आलेच नाहीत. पोच नव्हती, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. सातही अर्ज नव्याने लिहावे लागले. तेव्हापासून पोच मिळाली नाही तर अर्ज दिलाच नाही असे मी धरते.

पंधरा दिवस झाले आणि उत्तर नाही, तर सोळाव्या दिवशी स्मरणपत्र द्या. नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, महापालिकेत आयुक्तांच्या नावे. आवक क्रमांक आणि तारीख पहिल्याच ओळीत लिहा, पोचेची झेरॉक्स जोडा आणि या पत्राचीही पोच घ्या. आवाज चढवण्यापेक्षा हे स्मरणपत्र लवकर काम करते.

यातल्या कशासाठीही एजंट लागत नाही. पाचशे-हजार मागणारे तुमच्याच नावाचा साधा अर्ज लिहून देतात.

पत्र आल्यावर पोर्टलवर अर्ज भरा. बँक निवडताना तुमचे बचत खाते ज्या शाखेत आहे तीच निवडा. अनोळखी शाखेत अर्ज पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

कर्ज मिळाल्यावर एक अफवा हमखास कानावर येते: हे सरकारी पैसे आहेत, माफ होणार, हप्ते भरू नका. हे ऐकून ज्यांनी हप्ते थांबवले त्यांची खाती थकीत झाली आणि पुढच्या कर्जाची वाट बंद झाली. वर्षाला ७ टक्के दराने मिळणारे व्याज अनुदान तिमाहीला खात्यात येते, पण खाते नियमित असेल तरच. मुदतीआधी फेडले तर दंड नाही.

आणि शिफारसपत्र मिळाले म्हणून पालिकेची वाट सोडू नका. पत्र दिल्यापासून ३० दिवसांत विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र द्यावे, असे सूचनांत आहे. त्याची मागणीही लेखी करा आणि पोच घ्या.